खंडेनवमीचा पासवर्ड

मेहकरला आमच्या कंत्राटदाराचं ऑफिस म्हणजे एक खोली, चार कॉम्प्युटर आणि पुण्याहून आणलेले एक साहेब. बीटी कपाशीवर बोंडअळी पडली त्या वर्षीची गोष्ट. पंचनाम्याचे अर्ज आणि फोटो चढवायचं काम आम्हाला मिळालं होतं. मी तिथे ऑपरेटर होते.

साहेबांना आमची बोली ऐकली की हसू यायचं. मी 'का'ऐवजी 'काऊन' म्हटलं की तेच तोंड वाकडं करून परत म्हणून दाखवायचे. हुशारीचा एवढा माज मी दुसऱ्या कुणात पाहिला नाही. पहिल्याच आठवड्यात पडद्यावर चित्रं लावून त्यांनी आमची शाळा घेतली. आपला माल इथे नाही, क्लाउडवर आहे. दूर कुठेतरी एक मोठं यंत्र, त्याच्या पोटात चार तालुक्यांची चार आभासी यंत्रं. शेजारच्या यंत्रातून भिंत फोडून चोर कसा शिरतो, परदेशातले हॅकर काय काय करतात, सगळं सांगितलं. काळी टोपी घातलेल्या चोराचं चित्रही होतं. आम्ही माना डोलावल्या.

खंडेनवमीला यंत्रांची पूजा केली. की-बोर्डला हळदकुंकू, स्कॅनरला झेंडूचा हार. तेवढ्यात साहेबांना सुचलं की खरं यंत्र तर इथे नाहीच, मग त्याची पूजा कशी करायची? काय डोकं चाललं बघा! चारही यंत्रं ज्या खात्यातून चालायची, त्याचा युजरनेम-पासवर्ड लिहिलेला कागद भिंतीवर चिकटवलेला होता. तो काढून त्यांनी पाटावर ठेवला, कुंकवाचं बोट लावलं, नारळ फोडला आणि फोटो काढून चारही तालुक्यांतल्या अर्ज केंद्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. त्या फोटोत मीही आहे, दात काढून.

मी हळूच म्हटलं, "साहेब, पासवर्ड दिसते त्याच्यात."

"अगं, देवाच्या कामात कसली चोरी?" असं म्हणून त्यांनी माझ्या हातावर पेढा ठेवला. मी खाल्ला. पासवर्ड बदलून टाका, असं काही म्हटलं नाही. नोकरी प्यारी होती.

जानेफळच्या एका चाचांची तीन एकर कपाशी पार किडली होती. बोंड फोडलं की आत गुलाबी अळी. पंचनामा झाला, फोटो मीच चढवले. चाचा टेबलाला टेकून उभे. "बेटा, फोटू गेले न बराबर? पऱ्हाटी उपटून टाकू का? गहू पेराले वावर मोकळं करा लागते."

"बिनधास्त उपटा चाचा. तिथून कोणी काही काढू शकत नाही." वाक्य साहेबांचं होतं, मी माझं म्हणून फेकलं.

काही दिवसांनी सकाळी ऑफिस उघडलं तर पडद्यावर अर्जांची यादी कोरी. कोणीतरी तोच पासवर्ड टाकून आत गेलं होतं आणि चारही यंत्रं पुसून टाकली होती. राखीव प्रती त्याच खात्यात ठेवलेल्या, त्याही गेल्या. कोणी केलं ते आजवर कळलं नाही. भिंत फोडावी लागली नाही की काही नाही, सरळ दारातून आला आणि गेला. साहेबांनी वर कळवलं, 'बाहेरून सायबर हल्ला.' हल्ला म्हणे! किल्ली आपणच चव्हाट्यावर टांगायची आणि वर हल्ला म्हणायचं. थूत असल्या हुशारीवर! महिन्याभरात त्यांनी पुण्याची गाडी धरली.

आदेश आला, पंचनामे पुन्हा नव्याने करा, उभं पीक दाखवा. चाचांच्या वावरात तोवर गहू बोटभर वर आला होता. ते उपटलेल्या पऱ्हाट्यांची मोळी बांधून एसटीने आले. किडकी बोंडं तिला अजून लटकत होती. नवीन साहेब म्हणाले, "हे कुणाच्याही शेतातलं असू शकतं."

चाचा माझ्याकडे वळले. "बेटा, तूच सांग न याईले. तू पाह्यले होते न फोटू."

पाहिले होते. एकेक फोटो पाहिला होता. पण तसं बोलले असते तर चूक ऑफिसची ठरली असती आणि मला घरी बसवलं असतं. पुण्याच्या त्या माणसाला मी आजही शिव्या घालते. त्या दिवशी मात्र चाचांच्या देखत मान खाली घातली आणि रकान्यात टाइप केलं : शेतात पीक आढळले नाही.