बी विंगचे पाहुणे

स्वयंपाकघराच्या दारामागे प्रत्येकाकडे पिशव्यांनी भरलेली एक पिशवी लटकत असते ना, तसे आमच्या बाकड्यावर किस्से जमतात. मुद्दाम कोणी गोळा करत नाही, आणि टाकूनही देववत नाहीत! कांदिवलीला आमच्या बिल्डिंगखाली रोज संध्याकाळी आम्ही रिटायर्ड मंडळी बसतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याची खेचतो. मी सातवी पास, तीही मास्तर कंटाळले म्हणून. तेव्हा लाज वगैरे आपल्या सिलॅबसमध्ये नव्हतीच. पण नजीबभाईंचे किस्से सांगायला घेतले की मी हसता हसता मध्येच थांबतो.

नजीबभाई काबूलचे. तिथलं दुकान, घर, सगळं टाकून बायको-मुलीला घेऊन पळावं लागलं. आमच्या बी विंगमध्ये भाड्याने आले. घरमालकाने पहिल्याच दिवशी सांगितलं, "अकरा महिने राहा. पुढचं सोसायटीला चालत असेल तर!"

म्हणजे त्यांचं बिऱ्हाड आमच्या मर्जीवर!

* * *

सोसायटीने ठरवलं, मदत करायची. झालं! सगळ्यांनी माळे साफ केले. कोणी शिट्टी नसलेला कुकर दिला, कोणी पाय डुगडुगणारं टेबल. माझा पंखा होता, तो एकतर बंद नाहीतर फुल! सेक्रेटरी कुलकर्णींनी भिंतीवरचं घड्याळ दिलं, तेही वर भाषण करून.

नजीबभाईंनी सगळं छातीशी हात लावून घेतलं.

महिन्याभराने सेक्रेटरी चौकशीला त्यांच्या घरी गेले. मी मागे होतोच, अशी मजा कोण सोडतो! सेक्रेटरींनी वर बघितलं आणि म्हणाले, "अरे, ये घड्याळ तो बंद है!"

"जी," नजीबभाई अदबीने म्हणाले, "आपने दिया तब से."

* * *

काबूलचा माणूस म्हटल्यावर आमच्या लोकांना दुसरं काही सुचेना. लिफ्टमध्ये भेटले की, "बदाम आणले का?" जिन्यात भेटले की, "अक्रोड?" अरे, माणूस जीव घेऊन आलाय, गोणी घेऊन नाही!

दिवाळीला त्यांनी घरोघरी बदाम-मनुकांच्या पुड्या वाटल्या. माझा दोस्त सावंत तोंडात मूठभर कोंबून मालवणीत म्हणाला, "ह्याका म्हणतत माल! आपल्याकडे मिळता काय असो?"

मी पुडी उलटी केली. खाली स्टेशनजवळच्या दुकानाचं लेबल! मग काय, मी ते लेबल बिल्डिंगभर नाचवलं. हसून हसून वाट लागली सगळ्यांची.

त्यांच्या बायकोला, परवीनला, जिन्यात गाठून म्हटलं, "भाभी, पकडे गये!"

ती लाल झाली. म्हणाली, "चाचा, सब पूछते थे. खाली हाथ कैसे रहते?"

माझ्या तोंडात तेव्हा त्यांचाच बदाम होता.

* * *

आपण मुंबईकर निरोप घेताना "या ना कधीतरी जेवायला" म्हणतो. म्हणायचं आणि सटकायचं. नजीबभाईंना हे कुठे ठाऊक? सावंतने लिफ्टचं दार लागता लागता म्हटलं, "आओ कभी संडे को खाना खाने!" आणि रविवारी तिघं इस्त्रीचे कपडे घालून, घरी भाजलेला नान घेऊन दारात! सावंत बनियनवर. बांगडे खाऊन हात धुतलेले. वहिनींनी घाईघाईत खिचडी टाकली.

मग नजीबभाईंनी उलट आमंत्रण दिलं. सावंत म्हणाला, "देखते हैं, इस संडे को."

"देखते हैं" म्हणजे "नाही", हे आमच्यात शेंबड्या पोरालाही कळतं. पण त्या रविवारी मी सहज त्यांच्याकडे डोकावलो तर जमिनीवर चादर अंथरलेली, मध्ये पुलावाची परात, आणि तिघं भिंतीला टेकून बसलेली. दुपार टळून गेली होती. कोणी घास घेतला नव्हता.

"सावंतसाब आने वाले हैं," मुलगी म्हणाली.

मी थाप मारली, "उसको बुखार है," आणि सावंतच्या वाटचं मीच जेवलो. झकास होतं!

नजीबभाई लगेच उठले आणि आजाऱ्यासाठी वाडगाभर सूप घेऊन सावंतच्या दारात गेले. सावंतने दार उघडलं ते कोंबडीची तंगडी चोखत!

नजीबभाईंनी वाडगा त्याच्या हातात दिला आणि म्हणाले, "शुक्र है, भूख तो लग रही है."

* * *

अकरा महिने भरत आले तेव्हा सोसायटीची मीटिंग लागली, खाली पार्किंगमध्ये. खुर्च्या मांडायला माणूस नव्हता. नजीबभाईंनी सगळ्या मांडल्या, पुसल्या आणि शेवटच्या रांगेत माझ्या शेजारी बसले. मीटिंग त्यांच्याबद्दलच आहे हे त्यांना कोणीच सांगितलं नव्हतं. हिंदी त्यांना यायची, मराठी अजून कळायची नाही.

सेक्रेटरींनी नाव न घेता मराठीतच वाचलं, "परदेशी भाडेकरूंना यापुढे सोसायटीची परवानगी नको. मान्य असेल त्यांनी हात वर करा."

एकेक हात वर जायला लागला. सावंतचाही गेला, नजर चपलांवर ठेवून. माझे दोन्ही हात मी मांडीखाली दाबून बसलो होतो. मला ना सेक्रेटरीशी वाईटपणा हवा होता, ना शेजाऱ्याशी.

नजीबभाईंनी इकडेतिकडे बघितलं. सगळ्यांचे हात वर. मग हसून त्यांनीही आपला हात केला वर, चांगला ताठ.

माझा खालीच बघून माझ्याकडे वाकले. "चाचा, कंधा दुखता है?"

मग त्यांनी दुसऱ्या हाताने माझा हात मांडीखालून हळूच सोडवला, वर नेला आणि मोजणी संपेपर्यंत कोपराला आधार देऊन धरून ठेवला.