वर्लीनचे पांढरे हातमोजे

वर्लीन टॉलिव्हर म्हणजे अमेरिकेतल्या अलाबामामधल्या बर्मिंगहॅमच्या माउंट नेबो चर्चचं दार. कोण कुठे बसणार हे पाद्रीबुवा नव्हे, वर्लीन ठरवायची, तेही नुसत्या हाताच्या खुणेनं. पांढरे हातमोजे हातात असेपर्यंत तोंड उघडायचं नाही, हा दारावर उभं राहून लोकांना जागा दाखवणाऱ्या बायकांचा नियम. एरवी मात्र तिच्या तोंडाला लागायची कुणाची टाप नव्हती.

मागल्या वर्षी तिचा नातू डॉन्ट्रेल लॉण्ड्रीबाहेर उभा होता. कुणीतरी एकदाच चाप ओढला आणि अख्खं पिस्तूल रिकामं झालं. पिस्तुलाला मागून नखाएवढा तुकडा बसवलेला होता, त्यानं साधं पिस्तूल मशीनगनसारखं सुटायचं. पोरगं वाचलं, काठी घेऊन चालायलाही लागलं, पण लॉण्ड्रीच्या रस्त्याला फिरकेना. तसले तुकडे गल्लीत राजरोस फिरत होते. त्यांच्यावर बंदी घालणारा केंद्राचा कायदा होता, पण अलाबामा राज्याचा नव्हता, म्हणून गावचे पोलीस हात चोळत बसायचे.

अखेर राज्याचं बंदीचं विधेयक समितीपुढे आलं, तशी वर्लीन साक्ष द्यायला राजधानीत, माँटगोमेरीला गेली, रविवारचा पांढरा पोशाख आणि हातमोजे घालून. दालनाच्या दारात ही झुंबड. तिला राहवेना. तिनं खुणा करून सगळ्यांना बसवलं. विधेयकाला विरोध करायला आलेल्या हार्लन स्ट्राउड या म्हाताऱ्या शिकाऱ्यालासुद्धा, त्याचे गुडघे दुखतायत हे बघून, पुढच्या बाकावर जागा दिली. मग हात पाठीशी घेऊन दारापाशी उभी राहिली. तिचं नाव पुकारलं, पुन्हा पुकारलं. हातमोजे हातात, तोंड कसं उघडणार? पाळी गेली.

"अगं, तुलाच बोलावत होते ते," मैत्रीण अर्लीननं तिला ढोसलं. "चर्चमध्ये आहेस का तू?"

वर्लीनचं तोंड एवढंसं झालं. अध्यक्ष म्हणाले, आता वेळ उरला नाही.

तेवढ्यात स्ट्राउड उठला. "माझी पाळी या बाईंना द्या. त्या बोलतील ते मला पटणार नाही. पण मला बसवलं त्यांनीच."

वर्लीननं हातमोजे काढले. "माझ्या नवऱ्याची शिकारीची बंदूक कपाटात आहे, ती तिथेच राहणार. हरीण पाडायला त्याला एक गोळी पुरते. मग माझ्या नातवावर एवढ्या कशाला?"

विधेयक पुढे गेलं आणि उन्हाळ्याआधी कायदा झाला.

त्या दिवशी तिनं डॉन्ट्रेलपुढे मळक्या कपड्यांची पिशवी ठेवली.

"आजी, तू लॉण्ड्रीच्या दारात उभी राहशील?"

"राहीन की," वर्लीन म्हणाली, "पण हातमोजे न घालता."