एकोणीस सकाळी न गेलेले मेसेज

डोळ्यांच्या त्या दवाखान्यात तिला सगळेच वहिनी म्हणत. डॉक्टर तिचा सख्खा दीर. तो पहिल्या दिवसापासून वहिनी म्हणाला, म्हणून काउंटरवरच्या मावशी म्हणू लागल्या, मग पेशंट, आणि शेवटी पाण्याचे जार आणून देणारा माणूससुद्धा. सत्तेचाळीस वर्षांची ही बाई दवाखान्याचे कॉम्प्युटर सांभाळायची. शिकली होती गणित; बाकीचं सगळं चुकत, सुधारत हाती आलेलं. जिन्याखालच्या खोलीत तिचं टेबल होतं आणि शेजारी लोखंडी मांडणीवर सर्व्हर. दवाखान्याची सगळी माहिती त्या मशीनच्या पोटात होती.

वेबसाइटही तिनंच उभी केली होती. तिथे पेशंटांच्या तारखा नोंदल्या जायच्या. रोज सकाळी सात वाजता सर्व्हरवरचा एक प्रोग्रॅम आपोआप चालू व्हायचा आणि ज्यांची तारीख दुसऱ्या दिवशी आहे त्यांना मोबाइलवर मेसेज पाठवायचा. सहा वर्षं हे काम बिनबोभाट चाललं होतं. इतकं, की ते चालू आहे हेही तिच्या ध्यानात राहिलं नव्हतं.

एका मंगळवारी साडेदहाच्या सुमारास मावशी जिन्याखाली डोकावल्या.

"वहिनी, जरा बाहेर येता का? शिवणवाल्या बाई आल्यात. मेसेजच आला नाही म्हणतायत."

शिवणवाल्या बाई साठीच्या. शाळेचे गणवेश शिवायच्या. त्यांच्या डाव्या डोळ्याच्या पडद्यामागे पाणी साठायचं, म्हणून दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागे. त्या बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"चार दिवस झाले, सरळ शिवण वाकडी दिसतेय," त्या म्हणाल्या. "आधी मला वाटलं मशीनच बिघडलं. काल सकाळपासून मधोमध काळा डाग आलाय. तो हलतच नाही."

मावशींनी कॉम्प्युटरवर तारीख पाहिली. ती उलटून सोळा दिवस झाले होते.

"मग तुम्ही आला का नाहीत?" मावशींनी विचारलं.

"मेसेज आला की निघायचं, एवढंच मला ठाऊक. या वेळी डॉक्टरांनीच लांबवलं असेल असं वाटलं."

बाईंना लगेच आत नेलं. वहिनी जिन्याखाली परतली.

तिनं आधी प्रोग्रॅम हाताने चालवून पाहिला. तिच्या स्वतःच्या मोबाइलवर चाचणीचा मेसेज टुणकन आला. वेळापत्रक पाहिलं, तर रोज सातला काम सुरू झाल्याची नोंद होती, आज सकाळचीसुद्धा. मशीनचं घड्याळ बरोबर होतं. मग तिनं मेसेज पाठवणाऱ्या कंपनीला फोन लावला. तिथल्या माणसानं शोधून सांगितलं, "मॅडम, तुमच्याकडून एकोणीस दिवसांत आमच्याकडे काहीच आलेलं नाही. आताचा एक सोडून."

म्हणजे हाताने चालवलं की चालत होतं आणि आपोआप चालताना कुठेतरी अडत होतं. कुठे, ते कळायला मार्ग नव्हता, कारण प्रोग्रॅम काय म्हणतो ते कुठेच लिहिलं जात नव्हतं. तो पूर्वी रोज तिला ईमेल पाठवायचा. त्या ईमेलांनी वैतागून तीन वर्षांपूर्वी तिनंच त्याचं तोंड बंद केलं होतं.

आता तिनं त्याला पुन्हा बोलतं केलं. जे काही होईल ते एका फाइलमध्ये लिहायला लावलं, पाच मिनिटांनंतरची वेळ लावून दिली आणि घड्याळाकडे बघत बसली. वेळ झाली. फाइलमध्ये एकच ओळ उमटली: आधीचं काम अजून चालू आहे, म्हणून थांबत आहे.

तिच्या सगळं लक्षात आलं. एकाच पेशंटला दोनदा मेसेज जाऊ नये म्हणून तिनं एक युक्ती केली होती. काम सुरू होताना प्रोग्रॅम एक छोटी फाइल तयार करी आणि संपल्यावर पुसून टाकी. ती फाइल दिसली, की कुणीतरी काम करतंय असं समजून तो मागे फिरे. हाताने चाचणी घेताना ही तपासणी होतच नसे. तिनं ती फाइल शोधून काढली. तारीख एकोणीस दिवसांपूर्वीची, वेळ सात वाजून दोन मिनिटं. त्या दिवशी तिला बहिणीला आणायला स्टेशनवर जायचं होतं. सर्व्हर मंद चालतोय म्हणून घाईघाईत तिनं तो घरूनच बंद करून पुन्हा चालू केला होता, नेमका काम चालू असताना. फाइल तशीच मागे राहिली. त्यानंतर प्रोग्रॅम रोज सातला आला आणि मुकाट्यानं परत गेला.

फाइल पुसायला तिला एक सेकंद लागला. मग तिनं यादी काढली. एकशे त्रेचाळीस माणसं.

डॉक्टर दुपारी जेवायलाही न बसता जिन्याखाली आला. "पडद्यामागे रक्त आलंय," तो म्हणाला. "इंजेक्शन दिलंय. पण मधली नजर परत येईल असं वाटत नाही."

"वेळेवर दिलं असतं तर?"

"असं छातीठोकपणे कुणीच सांगू शकत नाही, वहिनी. वेळेवर घेऊनही काहींना होतं." त्यानं दार लोटून घेतलं. "लोकांना मोबाइल कंपनीचा घोळ झाला म्हणून सांगू या."

"घोळ माझा आहे, भाऊजी."

"आणि दवाखाना माझा आहे."

तो वर निघून गेला. दवाखान्यातल्या पंधरा वर्षांत त्यांच्यात असा खटका कधी उडाला नव्हता.

दोन दिवस तिनं आणि मावशींनी यादी समोर ठेवून एकेकाला फोन केले. बरेच जण आपणहून येऊन गेले होते. काहींनी चिडून ऐकवलं, ते तिनं ऐकून घेतलं. तिघांनी फोन उचललाच नाही, तेव्हा मावशी त्यांच्या घरी जाऊन आल्या. इतर कुणाचं फारसं बिघडलेलं निघालं नाही, पण तेवढ्यानं तिच्या जिवाला थारा मिळेना. ताट समोर असायचं आणि तिचा हात तसाच राहायचा.

"मशीन आहे ते, बिघडणारच," नवरा म्हणाला.

"अहो, मशीन नाही बिघडलं. मी त्याला सांगितलं तेच ते करत होतं."

शनिवारी ती शिवणवाल्या बाईंच्या घरी गेली. दिराला न विचारता. खिडकीपाशी शिलाई मशीन होतं, त्यावर चादर टाकलेली. कापून ठेवलेल्या निळ्या बाह्यांचा गठ्ठा खुर्चीवर होता. तिनं काहीही न लपवता सगळं सांगितलं: फाइल, स्टेशन, बंद केलेले ईमेल. बाईंना त्यातलं निम्मं कळलं असेल.

"पूर्वी मी कॅलेंडरवर खूण करायचे," शेवटी त्या म्हणाल्या. "तुमचे मेसेज यायला लागले, ते कधी चुकेनात. मग मी खुणा करणं सोडलं." त्यांनी खुर्चीवरचा गठ्ठा सरळ केला. "कुणाला बोल लावू, मलाच कळत नाही. पण आज तुम्ही जा. मला आत्ता तुमच्याशी बोलवत नाही."

वहिनी उठली.

सोमवारी तिनं दिराला सांगितलं की ती बाईंकडे जाऊन आली. "विचारायला हवं होतंत," तो एवढंच म्हणाला. संध्याकाळी मात्र त्यानं स्वतः बाईंना फोन करून चूक दवाखान्याची होती हे कबूल केलं. मावशींनी ते ऐकलं आणि जिन्याखाली येऊन सांगितलं.

आता रोज सकाळी किती मेसेज गेले त्याचा आकडा वहिनीच्या आणि मावशींच्या मोबाइलवर येतो. सव्वासातपर्यंत आला नाही, तर दुसरंच एक मशीन दोघींना फोन करतं. पेशंटांना पुढची तारीख कार्डावर हाताने लिहून मिळते आणि मेसेज येवो न येवो, त्या दिवशी या, असं मावशी प्रत्येकाला बजावतात. तरी वहिनी सातच्या आधी मोबाइल घेऊन स्वयंपाकघरात उभी असते. आकडा आल्याशिवाय तिला चहा जात नाही.

दोन महिन्यांनी दुसऱ्या एका दवाखान्यानं शिवणवाल्या बाईंचे कागद मागवले. राहिलेला उजवा डोळा त्या आता तिथे दाखवणार होत्या. वहिनीनं सगळे रिपोर्ट क्रमानं लावले, इंजेक्शन सोळा दिवस लांबल्याच्या नोंदीवर डॉक्टरची सही घेतली आणि सगळं ईमेलनं पाठवून दिलं. मग फोन करून तिथल्या माणसाकडून एकेक पान वाचून घेतलं आणि कागद नीट उघडतायत याची खात्री केली.