भरल्या बरण्यांचं घर

वाइनला द्राक्षंच लागतात, हा नाशिककरांचा गोड समज. आमच्या महाडात वैशाखात करवंदं, मागोमाग जांभळं आणि थंडीत आंबेनळी घाट उतरून येणाऱ्या स्ट्रॉबेऱ्या. ज्या दिवसांत जे पिकेल ते मी कुस्करतो, साखरपाणी आणि यीस्ट घालून बरणीत भरतो, तोंडाला फडकं बांधतो. घट्ट झाकण लावायचं नाही. एकदा लावलं होतं, बरणी फुटली. भिंतीवरचा तो जांभळा डाग बायको पाहुण्यांना हौसेने दाखवते. दोन-तीन दिवसांत फेस चढतो, बुडबुडे वाजू लागतात. मला पिण्यापेक्षा ते ऐकण्यातच जास्त सुख. पावसाळ्यात सावित्री नदी चढू लागली की लोक आधी टीव्ही माळ्यावर नेतात, मी बरण्या. दिवाळीपर्यंत गाळ तळाशी बसतो, वाइन निवळते, मग घोटभर चाखायची.

करवंदं आमच्या कापडे गावाहून माझा थोरला भाऊ आणायचा. दादा पूर्वी भरपूर प्यायचा. माझ्या वाइनला मात्र ‘सरबत’ म्हणून हिणवायचा. मग त्याने तुळशीची माळ घातली. आमच्याकडे माळ घातली की मटण आणि दारू सोडायची. दादाने खरंच सोडली. पण तेव्हापासून तो माझ्या घरात पाऊल टाकीना. करवंदांची पाटी फाटकाशी ठेवायचा, “माळकऱ्याला दारूच्या घरचं पानी चालत नाय,” म्हणायचा आणि एसटी स्टँडकडे वळायचा. सख्खा भाऊ दारातून परत जातो, हे मला फार लागायचं. शेवटी मी छंदावर पाणी सोडलं.

गेल्या वैशाखात तो आला तेव्हा बरण्या अंगणात पालथ्या होत्या.

“काय झालं रे?”

“बंद केलं. आता तरी आत ये.”

मला वाटलं, खूश होईल. तो भडकलाच.

“माळंचं नुस्तं निमित हाय रे! मला भ्या वाटतं. त्या वासात बसलो तर हात जाईल, म्हनून येत नाय. आता बरन्याच रिकाम्या, तर दारू सुटली का नाय, मला कळनार कसं? घाल करवंदं. फेस आला की फोन कर.”

मला पटेना. विस्तवाशी खेळ हवाय कशाला? पण बायको म्हणाली, “भावोजी स्वतः म्हणतायत ना? मग घाला.” घातली. फेस चढला, घरभर वास सुटला. मी भीतभीतच फोन केला.

दादा आला. चपला काढून थेट स्वयंपाकघरात गेला, बरण्यांशेजारी स्टूल ओढून बसला आणि म्हणाला, “चहा टाक.” बुडबुडे वाजत होते. तो भाताच्या पेरणीचं बोलत राहिला. कपाळावर घाम होता, पण उठला नाही. मी चहा गाळून दिला. त्याने कप संपवला आणि दुसरा मागितला.