कडबाकुट्टीची बातमी

जळगावच्या एका छोट्या कारखान्यात लोटन महाजन कारकून होता. कारखान्यात जनावरांच्या चाऱ्यासाठी कडब्याची कुट्टी करायची यंत्रं बनायची. लोटनचं मराठी चांगलं, म्हणून मालक गिरधरशेठ त्याच्याकडून अवजारांच्या व्यापारी मासिकांसाठी बातम्या लिहून घ्यायचे. लोटन त्या टाइप करायचा, सोबत यंत्राचा फोटो जोडायचा आणि पाकिटं मुंबईला, पुण्याला धाडायचा. बातमी छापून आली की मागणी वाढायची.

अठ्ठ्याऐंशीच्या पावसाळ्यानंतर कारखान्यानं एक नवा खटका करून पाहिला. यंत्रात हात ओढला गेला, तर पातं जागच्या जागी थांबवणारा. लोटननं लिहिलं, ‘हा खटका आमच्या यंत्रांत लवकरच बसवला जाईल.’ गिरधरशेठनी ‘लवकरच’ खोडलं.

“बसवलेला आहे, असं लिही.”

“पण शेठ, अजून एकाही यंत्रात...”

“गिऱ्हाईक येईपर्यंत बसवू. लिही तू.”

लोटननं लिहिलं. मासिकात चौकटीत छापून आलं.

एका सकाळी शिरपूरहून विक्रेता तोताराम पाटलाचा फोन आला. कारखान्याचं जुनं यंत्र त्याच्या दुकानात उभं होतं. “लोटनभाऊ, तुम्हनी बातमी वाची. आज बाजारना दिन शे. दुपारले बठ्ठा लोकेसमोर मी सोता हात टाकीसन दखाडस!”

“तात्या, हात घालू नका! तुमच्या यंत्रात तो खटका...”

पलीकडं नुसती खरखर. लाइन तुटली होती. लोटननं एक्स्चेंजला पुन्हा कॉल लावायला सांगितलं, पण तो लागेचना. शेठ लग्नाला इंदूरला गेलेले. छत्री, डबा, सगळं टेबलावर टाकून लोटन स्टँडकडे पळाला.

चोपड्याला गाडी बदलावी लागली. पुढची गाडी गच्च भरलेली. डोळे मिटले की लोटनला पात्याखाली बाही दिसायची. ‘माझ्या एका ओळीनं माणूस लुळा होणार,’ एवढंच डोक्यात. गाडी रस्त्यात जनावरांसाठी थांबली, तेव्हा तो ड्रायव्हरवर ओरडला. उभ्या जन्मात तो असा कुणावर ओरडला नव्हता.

शिरपूरला उतरताच त्याला दुकानासमोरची गर्दी दिसली. मोटर सुरू होती. तोताराम बाही वर सारत होता.

“बंद करा!” लोटन ओरडला, पण मोटरच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही. माणसांना ढकलत तो घुसला आणि त्यानं बटण दाबलं. पट्टा हळूहळू थांबला.

तोताराम लालबुंद झाला. “हाई काय करं भाऊ? धंदाना टाइमले?”

लोटननं ज्वारीच्या धाटाला खांद्यावरचा घामानं ओला झालेला पंचा गुंडाळला. “आता चालू करा. हात लांब ठेवा.”

पंचा आत गेला आणि चिंध्या होऊन दुसरीकडून पडला. पातं क्षणभरही अडखळलं नाही.

तोताराम मटकन बाजेवर बसला आणि आपलं मनगट चोळत राहिला. “तूच लिखेल व्हतं ना?” त्यानं हळूच विचारलं.

“हो, तात्या. मीच.”

तिथंच, त्याच्याकडून कागद मागून लोटननं मासिकाला दुरुस्ती लिहिली: खटका अजून बसवलेला नाही, यंत्र चालू असताना हात घालू नये. शेठना विचारायचं झालं तर आपली हिंमत टिकणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून त्यानं पाकीट शिरपूरच्याच पोस्टात टाकलं. टाकल्यावर मात्र नोकरी जाण्याची भीती लागली. घरी दोन मुली शिकत होत्या.

गिरधरशेठ परतले तेव्हा त्यांनी टेबलावर हात आपटला. “कुणाला विचारून?”

“कुणालाच नाही.”

शेठनी त्याला स्टोअरमध्ये बसवलं. बातम्या लिहिणं बंद झालं. पण दुरुस्ती छापून आली, तोतारामनं फोनवर शेठना खडसावलं आणि आधी विकलेल्या यंत्रांनाही दिवाळीनंतर खरोखर खटके पोचले. उन्हाळ्यात शेठनी लोटनला बातम्या लिहायला परत बोलावलं. माफीचं कुणी काही बोललं नाही.

त्यानंतर लोटन लिहिण्याआधी शेडमध्ये जाऊन यंत्र चालवून बघायचा. तरीही अंक आला की आपली बातमी उघडण्याआधी तो कपाळ पुसायचा.

“लोकांचं छापून आलं की ते पेढे वाटतात,” बायको सुगंधाबाई म्हणायची, “आणि तुम्हाला घाम फुटतो.”

“फुटू दे,” म्हणत तो बातमी पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागायचा.