सहल कुठे जाणार, ते मर्व्हला विचारू नका

पोर्ट कॅरलच्या ज्येष्ठ मंडळाची गूढ सहल म्हणजे मर्व्ह ट्रेझाइझचं राज्य. दरवर्षी उन्हाळा ओसरला की, म्हणजे जगाच्या या खालच्या टोकाला एप्रिलअखेर, ती निघे. बसमध्ये बसायचं, आणि कुठे आलो ते उतरल्यावरच कळायचं. ठिकाण ठाऊक एकट्या मर्व्हला. ड्रायव्हर कीथलासुद्धा तो वळणावळणाला सांगे, "आता डावीकडे घे." गुडघे गेलेला, धान्याच्या कोठारावरून निवृत्त झालेला हा माणूस एरवी कुणाच्या खिजगणतीत नसे. एप्रिलमध्ये मात्र बायका त्याला घरी खिमा भरलेल्या पेस्टी आणून देत आणि हळूच खडा टाकून बघत.

"मर्व्ह, लोकरीचं घेऊ की पोहायचं?"

"दोन्ही घे, डल्सी. आणि एखादं पॅराशूट."

यंदा दोन मुक्काम होते. ठिकाण ठरलं होतं सेमाफोर, अ‍ॅडलेडचं समुद्रकाठचं उपनगर. खरं तर पोर्ट कॅरलच्या माणसांना तिथे नेऊन दाखवायचं काय? समुद्र इथेही आहे, धक्का इथेही आहे, आणि इथल्या धक्क्यावर वारा फुकट जास्त मिळतो. पण सेमाफोरला अ‍ॅव्हिस राहत होती.

अ‍ॅव्हिस त्याची थोरली बहीण. आई गेली तेव्हा दफनानंतरचा चहा तिला चर्चच्या हॉलमध्ये हवा होता. मर्व्हने तो पबात ठेवला. जन्मभर दारूला न शिवलेल्या बाईचा निरोप बिअरच्या नळासमोर! अ‍ॅव्हिस पबाच्या दारातून मागे फिरली, ती गाव सोडून गेलीच. मर्व्हनेही भर मंडळात सांगून टाकलं, "माझ्यापुढे तिचं नाव काढायचं नाही." गाव मोठं आज्ञाधारक. इतक्या वर्षांत एकानेही काढलं नाही.

गेल्या हिवाळ्यात मर्व्हची बायको वारली. तो अर्ध्या चड्डीत होता तेव्हाचं आठवणारं आता अ‍ॅव्हिसखेरीज कुणी उरलं नव्हतं. मरण्याआधी तिच्याशी बोलायचं होतं, एवढंच. पण फोन केला तर पहिलं वाक्य काय बोलायचं? आणि दार वाजवलं नि तिने तोंडावर लावलं तर? बायको नाताळची कार्डं पाठवून अ‍ॅव्हिसशी संबंध राखून होती. अ‍ॅव्हिस दर शनिवारी धक्क्याजवळच्या बेकरीत चहा घेते, हे बायकोच्याच तोंडून, नाव न काढता, त्याच्या कानावर आलेलं. म्हणून हा बेत. शनिवारी चहाला बस नेमकी तिथे थांबणार. सगळं गाव खाली उतरणार, आणि त्या गर्दीत मर्व्ह म्हणणार, "अरे, अ‍ॅव्ह! तू इथे?" ते आश्चर्य दाढी करताना आरशात रोज घोटून तो तयार ठेवत होता.

सहलीच्या आधीच्या मंगळवारी तो एकटाच गाडी घेऊन सेमाफोरला जाऊन आला. बस कुठे लागेल ते पाहिलं, बेकरीचा संडास पाहिला. मंडळाच्या वयात प्रेक्षणीय स्थळ म्हणून तोच आधी बघावा लागतो. शेवटी गाडी अ‍ॅव्हिसच्या गल्लीतून हळू काढली. पडदे ओढलेले, गुलाब वाळलेले. 'आळशी झालीय म्हातारी,' असं मनात म्हणून त्याला उगाच बरं वाटलं. घंटी वाजवली नाही. वाजवली असती तर शनिवारची मजा गेली असती.

शनिवारी बस बंदराचा पूल ओलांडून सेमाफोरच्या रस्त्याला लागली, तशी डल्सी ओरडली, "अगं बाई, सेमाफोर!" आणि तिने वळून मर्व्हकडे बघितलं.

बेकरीत मर्व्हने दाराकडे तोंड करून खुर्ची घेतली. दार किणकिणे, भलतंच कुणी आत येई. त्याचा चहा निवला. डल्सी शेजारी येऊन बसली.

"कुणाची वाट बघतोयस?"

"कुणाची नाही. ऊन बघतोय."

"मर्व्ह, ती इथे नाहीये."

"कोण?"

"जिचं नाव काढायचं नाही, ती."

मग डल्सीने सांगितलं. अ‍ॅव्हिस फेब्रुवारीपासून पोर्ट कॅरलमध्येच होती. इस्पितळाच्या मागच्या बाजूला म्हाताऱ्यांना ठेवतात, तिथे. फुटबॉलच्या मैदानाला लागून. मर्व्हच्या घराच्या पलीकडचा रस्ता.

"आणि मला एकाने सांगितलं नाही?"

"तूच तोंडं बंद केलीस आमची. ती म्हणाली, त्याला कळलंच असेल, यायचं असेल तर येईल." डल्सीने टेबलावरचा चुरा तळहाताने गोळा केला. "नुसतं म्हणाला असतास, सेमाफोरला नेतोय. तिथल्या तिथे सांगितलं असतं मी."

"गूढ सहल होती."

"हो ना."

मर्व्ह कीथकडे गेला. कीथ म्हणाला, "एवढ्या म्हाताऱ्यांना इथे टाकून तुला एकट्याला पोचवू? आणि यांना जेवायला घालणार कोण, माझी सासू?" गावाकडे जाणारी पुढची बस थेट सोमवारी होती, म्हणजे त्यांचीच. तेव्हा मर्व्हने धक्का दाखवला, जहाजांना वेळ सांगणारा जुना मनोरा दाखवला, संध्याकाळी हाऊजीचे आकडे पुकारले. एक आकडा दोनदा पुकारला. कुणी हसलं नाही.

सोमवारी बसमधून उतरला तो बॅग घेऊनच इस्पितळात गेला.

"भाऊ का तुम्ही?" नर्स म्हणाली. "बसा ना. आता बोलत नाहीत त्या. गेल्या मंगळवारपर्यंत बोलत होत्या."

अ‍ॅव्हिसचे डोळे उघडे होते, छताकडे लागलेले. मर्व्हने टोपी गुडघ्यावर ठेवली. घोटून ठेवलेलं आश्चर्य काही केल्या बाहेर येईना.

"अ‍ॅव्ह, आम्ही सेमाफोरला गेलो होतो," तो म्हणाला. "तुझे गुलाब वाळलेत. बेकरीतला चहा फार पातळ. तू तसला कसा पितेस?"

चहाची गाडी आली. बाईने दोन कप ठेवले. त्याने अ‍ॅव्हिसच्या कपात दूध घातलं, ढवळलं, बशी तिच्या हाताजवळ सरकवली. सहल पहिल्यापासून सांगितली. मग पबाचं सांगायला घेतलं, ते मात्र त्याला पुरं करता आलं नाही. बाई कप उचलायला आली, तेव्हा एक भरलेलाच होता.

गुरुवारी अ‍ॅव्हिस गेली. दफनानंतरचा चहा चर्चच्या हॉलमध्ये झाला.

पुढच्या वर्षी सहलीचं ठिकाण मर्व्हने दोन महिने आधीच मंडळाच्या फळ्यावर ठळक अक्षरांत लिहून टाकलं. निम्मी माणसं आलीच नाहीत.