निळ्या-पिवळ्याच्या मधलं जंगल

आमच्या घरात दोन माणसं अशी, की बुडाखाली निखारे ठेवल्यासारखी. एक आमचे हे. जन्मभर ट्रक चालवला, आता पाय अधू झाला म्हणून घरात. पण स्वस्थ बसतील तर शपथ! दुसरी आमची थोरली. ती ग्रह रंगवते. हसू नका, पगार मिळतो.

अंतराळात हिंडायचा कॉम्प्युटरवरचा खेळ आहे. त्यातल्या ग्रहांवर कुठे काय, ते ही ठरवते. म्हणजे नकाशात रंग भरते: निळा समुद्र, पिवळं वाळवंट, हिरवं जंगल. खेळणाऱ्याला हा नकाशा दिसत नाही, पण त्याची गाडी उभी असेल तिथला रंग वाचून खेळ प्रदेशाचं नाव दाखवतो. ग्रह पुरा झाला की हे त्यावर गाडी पळवतात. फुकटचे तपासनीस! "अहो, जरा पाठ टेका," म्हटलं की, "हा डोंगर उतरू दे." माझा नुसता संताप व्हायचा.

त्या दिवशी सकाळीच थोरलीच्या साहेबांचा फोन. तिच्या नव्या ग्रहावर समुद्रकाठी गेलं की नाव येतंय 'जंगल', आणि तिथे झाड औषधालाही नाही! संध्याकाळपर्यंत सुधारा, नाहीतर ग्रह खेळातून बाहेर. थोरलीची नोकरी अजून कच्ची. ग्रह बाहेर म्हणजे तीही बाहेर.

तिने कपाळावर हात मारला. "किनारा छान दिसावा म्हणून मऊ ब्रश फिरवला गं आई. निळा-पिवळा कडेला मिसळून हिरवा झाला."

"मग पूस की!"

"पुसतेय. पण रेघ केसाएवढी, डोळ्याला दिसत नाही. काठाकाठाने गाडी नेल्याशिवाय कळणार कसं?"

हे केव्हाच तिच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसले होते. "वाळवंट... वाळवंट... समुद्र... थांब, जंगल!" हे ओरडायचे, ती पलीकडच्या पडद्यावर तो ठिपका कापून काढायची. मी ओट्यापासून खिडकीपर्यंत येरझाऱ्या घालत होते. "तू एका जागी बस बघू!" दोघंही माझ्यावरच खेकसले. म्हणजे चोराच्या उलट्या बोंबा!

ऊन उतरेपर्यंत अख्खा किनारा फिरून झाला. नकाशा पाठवला. साहेबांचा फोन आला तशी थोरली गॅलरीत गेली. मी दारातच उभी. परत आली ती हसतच.

"ग्रह राहिला! नोकरी पक्की! फक्त पुढच्या महिन्यापासून तिकडे ऑफिसात बसायचं. राहायची सोय तेच करणार. हा कंपनीचा कॉम्प्युटरही परत न्यायचा."

"देव पावला गं बाई!" मी म्हटलं.

"छान झालं," हे म्हणाले. "फार छान झालं पोरी." त्या पडद्याला मी काय कमी शिव्या घातल्या होत्या? आता तो जाणार म्हटल्यावर मलाच प्रश्न पडला. ह्या माणसाने दिवसभर करायचं काय?

थोरली मैत्रिणींना फोन करायला आत पळाली. ह्यांनी गाडी थांबवली, खेळ बंद केला. मग खांद्यावरचं फडकं काढून पडदा पुसायला लागले. कोपरे पुसले, बटणं पुसली, वायरसुद्धा.

"हे काय चाललंय?"

"मालकाची वस्तू आहे. स्वच्छ करून द्यावी."

"अहो, महिना आहे अजून!"

"असू दे," म्हणाले, आणि पुसतच राहिले.